तेलाची खरी किंमत : ऊर्जा-स्वावलंबन आणि परभूमीवरील युद्धे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



इराकमध्ये बसरा शहरापासून काही अंतरावर, वाळवंटाच्या कडेला, पहिल्या महायुद्धातील मृतांचे एक विस्तीर्ण स्मारक उभे आहे. ज्यांच्या देहांचा ठावठिकाणा कधीच लागला नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांची ती स्मृती. ब्रिटिश सैनिकांची नावे तेथील शिळांवर कोरलेली आहेत. भारतीय पलटणींतील अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या भारतीय शिपायांची नावे मात्र त्या शिळांवर कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली त्यांची केवळ संख्या नोंदली गेली. त्या पलटणींमध्ये मराठा पलटणीही होत्या. देश आणि कोकणातल्या खेड्यांमधून भरती झालेले आणि मुंबई बंदरातून जहाजावर चढलेले तरुण तेथे अंकरूपाने उरले आहेत.

हे तरुण तैग्रिस नदीच्या काठी कशासाठी गेले होते? आजच्या व्याख्यानाचा विषय या एका प्रश्नातून उलगडतो. ऊर्जेच्या बाबतीत राष्ट्र परावलंबी झाले म्हणजे त्याचे सैन्य कोठवर ओढले जाते, आणि स्वावलंबन म्हणून ज्याचा गौरव केला जातो ते खरोखर स्वावलंबन असते काय, याचा हा विचार आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनचे आरमार दगडी कोळशावर चालत असे. वेल्सच्या खाणींतील उत्तम कोळसा हाताशी होता आणि त्यासाठी कोणाच्याही दाराशी जावे लागत नव्हते. परंतु तेलावर चालणारी युद्धनौका अधिक वेगवान असते, तिला इंधन भरणे सोपे जाते आणि तिच्या भट्ट्यांना खलाशीही कमी लागतात. जर्मनीशी स्पर्धा शिगेला पोहोचली असताना, आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या कारकिर्दीत नव्या मोठ्या युद्धनौका तेलावर चालविण्याचा निर्णय झाला. लष्करी दृष्टीने निर्णय बिनचूक होता. अडचण एवढीच होती, की ब्रिटनच्या भूमीत तेल नव्हते. ते इराणमध्ये होते. मस्जिद-ए-सुलेमान येथे १९०८ साली तेल लागले होते, १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली होती आणि शत्त-अल-अरबच्या मुखाजवळ आबादान येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला होता. १९१४ मध्ये, महायुद्धाच्या उंबरठ्यावर, ब्रिटिश सरकारने या कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला.

इंधनाची निवड ही अशा रीतीने परराष्ट्रधोरणाचीही निवड ठरली. जो पदार्थ स्वतःच्या भूमीत नाही त्यावर राष्ट्राने आपले आरमार उभे केले, की त्या राष्ट्राच्या संरक्षणाची सीमा त्या पदार्थाच्या उगमापर्यंत सरकते.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून भारतीय सैन्याची एक तुकडी इराणच्या आखाताकडे निघाली. तिच्या कामगिरीत आबादानचा कारखाना आणि तेथवर येणारी तेलवाहिनी यांचे रक्षण अंतर्भूत होते. तेल हे त्या मोहिमेचे एकमेव कारण नव्हते. ऑटोमन सत्तेला शह देणे आणि आखातातील ब्रिटिश प्रतिष्ठा राखणे हेही हेतू होते. पण तेल पहिल्या दिवसापासून हिशेबात होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाओ येथे सैन्य उतरले आणि महिनाअखेर बसरा हाती आले. तेल सुरक्षित झाले. मोहीम येथेच थांबू शकली असती.

ती थांबली नाही. बसऱ्याच्या रक्षणासाठी वरचे गाव आवश्यक वाटू लागले, त्या गावासाठी त्याच्या वरचे. नदीच्या प्रवाहाविरुद्ध सरकत सैन्य अमारा, कूत आणि शेवटी बगदादच्या वेशीजवळ टेसिफोनपर्यंत पोहोचले. तेथून माघार घ्यावी लागली. डिसेंबर १९१५ मध्ये कूत येथे मेजर जनरल टाउनशेंड यांचे सैन्य वेढले गेले. या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, घोडे कापले जाऊ लागले. ते मांस खाणे अनेक भारतीय शिपायांना धर्मामुळे अशक्य वाटत होते आणि भूक दिवसेंदिवस वाढत होती. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. त्यांपैकी हजारो जण वाळवंटातील पायपिटीत आणि छावण्यांत मरण पावले. मेसोपोटेमियाच्या या संपूर्ण मोहिमेत लढवय्ये, हमाल, पखालजी, खलाशी असे साडेपाच लाखांहून अधिक भारतीय गेले होते. ११७ व्या पलटणीला तिच्या पराक्रमाबद्दल पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. ज्या तेलासाठी हा खटाटोप झाला त्याचा एक थेंबही त्या शिपायांच्या गावांतील कंदिलात पडणार नव्हता.

आता या कथेतील दुसऱ्या राष्ट्राकडे वळावे लागेल. ब्रिटनला तेल नव्हते म्हणून तो आखाताकडे गेला असे म्हणता येईल. अमेरिकेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे, कारण तिच्याकडे तेल होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी वापरलेल्या तेलाचा बहुतांश भाग अमेरिकेनेच पुरविला. तरीही तेथील जाणत्यांना भविष्याची चाहूल लागली होती. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुवेझ कालव्यातील ग्रेट बिटर सरोवरात, ‘क्विन्सी’ या युद्धनौकेवर सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांची भेट घेतली. त्यानंतरच्या दशकांत तेल आणि संरक्षण यांची जी सांगड दोन्ही देशांमध्ये बसली, तिचा आरंभ या भेटीपासून मानला जातो.

१९७० साली अमेरिकेतील तेलाचे उत्पादन त्या काळातील शिखरावर पोहोचले आणि उतरू लागले. मोटारी मात्र वाढतच होत्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले. इस्रायलला मदत केल्याबद्दल अरब तेल उत्पादकांनी अमेरिकेवर तेलबंदी लादली. काही महिन्यांतच पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव बारा डॉलरांच्या घरात गेला. पेट्रोलपंपांसमोर मैल-मैल रांगा लागल्या. त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी ‘प्रोजेक्ट इंडिपेंडन्स’ जाहीर केला. १९८० पर्यंत अमेरिकेने ऊर्जेच्या बाबतीत पूर्ण स्वावलंबी व्हावे असे त्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात चारच वर्षांत आयातीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले.

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण अध्यक्ष जिमी कार्टर यांचे आहे. एकाच राज्यकर्त्याने सात महिन्यांच्या आत दोन परस्परविरुद्ध वाटा दाखविल्या, आणि राष्ट्राने त्यांपैकी एकच दीर्घकाळ धरून ठेवली.

पहिली वाट काटकसरीची होती. जून १९७९ मध्ये कार्टर यांनी व्हाइट हाऊसच्या छतावर पाणी तापविणारे ३२ सौर-संच बसविले. १५ जुलै रोजी त्यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. १९७७ मध्ये परदेशांतून जेवढे तेल आणले त्याहून अधिक यापुढे कधीही आणले जाणार नाही, असा संकल्प त्यांनी त्यात जाहीर केला आणि उपभोगाच्या हव्यासाबद्दल आपल्याच नागरिकांना बोल लावले.

दुसरी वाट शस्त्राची होती. इराणमध्ये राज्यक्रांती झाली, तेहरानमधील अमेरिकी वकिलात ओलीस धरली गेली आणि १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. २३ जानेवारी १९८० रोजी काँग्रेससमोर कार्टर यांनी घोषणा केली, की इराणच्या आखातावर ताबा मिळविण्याचा कोणत्याही बाह्य शक्तीचा प्रयत्न हा अमेरिकेच्या मर्मस्थानी हितसंबंधांवरील हल्ला मानला जाईल आणि तो लष्करी बळासह सर्व उपायांनी परतविला जाईल. ‘कार्टर सिद्धांत’ या नावाने ही घोषणा ओळखली जाते.

या दोन वाटांचे फळ काय मिळाले, हे आकडेच सांगतात. १९७५ च्या कायद्याने मोटार उत्पादकांना एका गॅलनमध्ये गाडी किती मैल धावली पाहिजे याचे मानक घालून दिले होते आणि दहा वर्षांत ती धाव जवळजवळ दुप्पट करायची होती. वीजकेंद्रांनी तेल जाळणे कमी केले, घरांच्या भिंती उष्णता धरून ठेवतील अशा बांधल्या जाऊ लागल्या, चढ्या भावांनी आणि मंदीने उरलेले काम केले. १९७८ मध्ये अमेरिका रोज सुमारे १ कोटी ८८ लाख पिंपे तेल वापरत होती. १९८३ मध्ये तो आकडा १ कोटी ५२ लाखांवर आला. १९७७ मध्ये रोजची निव्वळ आयात सुमारे ८५ लाख पिंपे होती. त्यानंतर अलास्कातील नव्या तेलाचाही हातभार लागला आणि १९८५ पर्यंत ती निम्म्यावर उतरली. ज्या काटकसरीची पुष्कळांनी टिंगल केली होती तिने आठ वर्षांत करून दाखविलेले हे काम आहे.

आणि मग १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. तेल स्वस्त होताच शिस्त महाग वाटू लागली. मोटारींची मानके सैल झाली. व्हाइट हाऊसच्या छताची डागडुजी निघाली तेव्हा ते सौर-संच काढले गेले, आणि पुन्हा बसविले गेले नाहीत. शस्त्राची वाट मात्र रुंदावत गेली. १ जानेवारी १९८३ पासून पश्चिम आशियासाठी ‘सेंट्रल कमांड’ हे स्वतंत्र सेनामुख्यालय अस्तित्वात आले होते. संकट ओसरले की काटकसर विसरली जाते. एकदा उभारलेले लष्करी तळ मात्र स्वतःहून उठत नाहीत.

इराण-इराक युद्धाचे लोण आखातातील तेलवाहू जहाजांपर्यंत पोहोचले होते. १९८७ मध्ये कुवेतच्या ११ टँकरांवर अमेरिकेचा ध्वज फडकवून अमेरिकी नौदलाने त्यांना संरक्षण देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्टार्क’ या अमेरिकी युद्धनौकेवर इराकी क्षेपणास्त्रे आदळून ३७ नौसैनिक मृत्युमुखी पडले होते. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेनेस’ या युद्धनौकेने इराणचे एक प्रवासी विमान शत्रूचे लढाऊ विमान समजून पाडले आणि त्यातील सर्व २९० माणसे ठार झाली. मृतांत भारतीयही होते. तेलाच्या वाटेवर पहारा देणाऱ्याचा नेम चुकला म्हणजे कोणाचे प्राण जातात, हे त्या दिवशी दिसले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केला. एका सार्वभौम राष्ट्रावर झालेले ते आक्रमण होते आणि त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाचे ठराव होते, हे निःसंशय. पण पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक त्या वाळवंटात उतरले, यात तेलाचा वाटा नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने पुन्हा इराकवर चढाई केली. सर्वसंहारक अस्त्रांचे दिलेले कारण निराधार ठरले. ते युद्ध तेलासाठी होते काय, यावर आजही वाद आहे आणि सर्व दोष तेलावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. वादातीत गोष्ट एवढीच आहे, की त्या युद्धात सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि एक लाखाहून अधिक इराकी नागरिक प्राणांस मुकले.

त्या युद्धातील एक बाब येथे मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. दूरच्या ठाण्यांवर जनित्रे चालविण्यासाठी इंधनाचे टँकर रस्त्याने न्यावे लागत आणि त्या ताफ्यांवर हल्ले होत. २००६ मध्ये इराकच्या अन्बार प्रांतातील अमेरिकी सेनाधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठांकडे सौर आणि पवन ऊर्जेच्या साधनांची तातडीची मागणी केली. ताफे कमी झाले तर माणसे वाचतील, हे त्यामागचे साधे गणित. तेलाने समृद्ध असलेल्या देशात उभ्या असलेल्या सैन्याला डिझेलमुळे माणसे गमवावी लागत होती. ऊर्जेची गरज घटविणे हा उपदेशकांचा विषय नसून प्राणरक्षणाचा विषय आहे, हे रणांगणावरील त्या अधिकाऱ्याने ओळखले.

यानंतर या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. २००५ मध्ये अमेरिकेची निव्वळ आयात रोजच्या सव्वा कोटी पिंपांवर गेली होती. पुढील दशकात शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र साधले आणि २०१८ मध्ये अमेरिका जगातील सर्वांत मोठी कच्च्या तेलाची उत्पादक बनली. २०२० मध्ये तेल व तेलजन्य पदार्थांची तिची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली. निक्सन यांचे स्वप्न चाळीस वर्षे उशिरा का होईना, पण साकार झाले असे वाटावे अशी स्थिती आली.

मग सैन्य घरी परतले काय? बहारीनमधील पाचव्या आरमाराचे मुख्यालय तेथेच राहिले. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक येथील तेलप्रकल्पावर हल्ला झाला आणि रोजचे ५७ लाख पिंपांचे उत्पादन एका पहाटेत थांबले. जगातील भाव उसळले आणि त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने सौदी अरेबियात आणखी सैन्य धाडण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले वाढले, तेव्हा पुन्हा अमेरिकी युद्धनौकाच पुढे आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि जूनमध्ये, तेल निर्यात करणाऱ्या या देशात, पेट्रोलने गॅलनला पाच डॉलरांचा विक्रमी भाव गाठला.

याचे कारण तेलाच्या व्यापारातच आहे. तेलाची बाजारपेठ सर्व जगासाठी एकच आहे. विहीर टेक्ससमध्ये असो वा कुवेतमध्ये, भाव एकत्रच ठरतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून २०२४ मध्ये दररोज सुमारे दोन कोटी पिंपे, म्हणजे जगाच्या वापराच्या जवळजवळ पाचवा हिस्सा तेल जात होते. तेथे ठिणगी पडली तर तिची झळ ज्याच्या घरी विहीर आहे त्यालाही लागते. म्हणून उत्पादनाचे स्वावलंबन आणि खरे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या घरी तेल आहे तो पुरवठा तुटण्याच्या भीतीतून मोकळा होतो; भावाच्या भीतीतून मोकळा होत नाही. दोन्ही भयांतून मुक्त होतो तो, ज्याला तेलाची गरजच कमी लागते. अमेरिकेच्या पन्नास वर्षांच्या खटपटीतून काढता येणारा हा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष भारताला अधिकच लागू पडतो. वापरल्या जाणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल भारत बाहेरून आणतो, आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक. १९७३ च्या संकटात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसद भवनाकडे गेले, ही आठवण आजच्या आजी-आजोबांच्या पिढीत अजून ताजी आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि १९७६ पासून ते मिळू लागले. देशाला त्याने मोठा आधार दिला, पण मागणी त्याच्या पुढे धावत राहिली.

परावलंबनाने स्वातंत्र्यालाच कसा पीळ पडतो, हे १९९० आणि १९९१ या दोन वर्षांनी दाखवून दिले. इराक आणि कुवेत हे भारताचे महत्त्वाचे तेलपुरवठादार होते. आक्रमणाने तेलाचे भाव चढले, आखातातील भारतीयांकडून येणारा पैसा आटला आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत आणावे लागले. तिजोरी आधीच कमकुवत होती. तुटीचा कारभार वर्षानुवर्षे चालत आला होता. आखाती युद्धाने तिला शेवटचा धक्का दिला. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे ४७ टन सोने परदेशी तारण म्हणून पाठवावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेण्याची पाळी आलेली असताना, आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना भारतीय विमानतळांवर इंधन भरू देण्यात आले. त्यावरून देशात वादळ उठले आणि ती सवलत थांबविण्यात आली. त्या निर्णयामागे कोणकोणती कारणे होती यावर मतभेद असू शकतील. रिकाम्या तिजोरीने नकार देणे कठीण असते, यावर मतभेद असण्याचे कारण नाही.

त्याच्या शेजारी २००३ हे वर्ष ठेवून पाहावे. इराकमध्ये एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सुमारे सतरा हजार सैनिक पाठवावेत अशी अमेरिकेची इच्छा होती. पाठविण्याच्या बाजूनेही प्रतिष्ठित आवाज होते. एका बलाढ्य राष्ट्राची मैत्री आणि पुनर्रचनेतील वाटा यांचा मोह होता. संसदेने एप्रिलमध्ये त्या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला होता आणि लोकमतही विरोधात होते. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने निर्णय जाहीर केला. संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश नसताना भारत सैन्य पाठविणार नाही. त्या वेळी देशाची परकीय गंगाजळी ७५ अब्ज डॉलरांहून अधिक होती, हे येथे लक्षात घ्यावे. नकाराला धैर्य लागते, आणि त्या धैर्याला पाठीशी भरलेले कोठार लागते. कूतचे वेढलेले शिपाई ज्या भूमीत मरण पावले, त्याच भूमीवर पुन्हा सैनिक धाडण्याचा प्रश्न ८७ वर्षांनी उभा राहिला, आणि या वेळी उत्तर लंडनहून आले नाही.

याचा अर्थ भारताने समुद्राकडे पाठ फिरवावी असा नाही. जून २०१९ पासून भारतीय नौदल ‘ऑपरेशन संकल्प’ या नावाने आखाती सागरी मार्गावर भारतीय जहाजांना सोबत देते. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला क्षेपणास्त्राने आग लागली, तेव्हा ‘आयएनएस विशाखापट्टणम’ने मदतीला धावून ती विझविण्यास साहाय्य केले. त्या टँकरवर २२ भारतीय खलाशी होते. आपल्या खलाशांचे रक्षण करणे आणि परक्याच्या भूमीवर ठाण मांडणे यांत मूलभूत अंतर आहे. मेसोपोटेमियातील सेनापतींना ते अंतर दिसले नाही. बंदर राखता राखता ते नदी चढत गेले.

भारतापुढचा मार्ग तीन पदरी आहे. पहिला पदर विविधतेचा. चर्चिल यांनीच १९१३ मध्ये पार्लमेंटला बजावले होते, की तेलाच्या बाबतीत सुरक्षितता अनेक स्रोतांवर अवलंबण्यातच आहे. एकाच दाराशी उभा राहणारा ग्राहक कधीही स्वतंत्र नसतो. २०२२ नंतर भारताने रशियाकडून मोठ्या प्रमाणात तेल घेतले ते याच न्यायाने. दुसरा पदर साठ्याचा. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत गुहांमध्ये मिळून ५३ लाख टन कच्चे तेल साठविण्याची सोय आहे. ती जेमतेम साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी भरते. कंपन्यांकडील साठे वेगळे असले, तरी एवढ्या मोठ्या देशाच्या राखीव कोठाराला हे माप अपुरे आहे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा पदर गरज घटविण्याचा. विजेवर धावणारी रेल्वे, शहरांतील सार्वजनिक वाहतूक, पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल आणि २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडलेली सौरऊर्जा ही या वाटेवरील पावले आहेत.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. सौरफलक आणि विद्युत-घट यांचा कच्चा माल व निर्मिती यांवर आज चीनचे वर्चस्व आहे. मग एका परावलंबनाच्या जागी दुसरे आणून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच देशी निर्मितीला पर्याय नाही. तरीही दोन परावलंबनांत मोठा भेद आहे. तेलाचे जहाज थांबले तर काही आठवड्यांत चाके थांबतात. फलकांचे जहाज थांबले तर नवे फलक बसणार नाहीत. छतावर आधीच बसलेला फलक पुढची वीस-पंचवीस वर्षे सूर्यापासून वीज घेतच राहील. पहिल्या परावलंबनासाठी सामुद्रधुनीवर रोज पहारा लागतो, दुसऱ्यासाठी लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, ज्या साठ वर्षांचा हा उत्सव आहे त्याच साठ वर्षांत या कथेचा बराचसा भाग घडला. पुढील साठ वर्षांतील भाग लिहिणारे अभियंते, अधिकारी, सैनिक आणि मतदार या सभागृहात बसले आहेत. तेलाच्या किमतीत विहिरीचा, जहाजाचा, शुद्धीकरणाचा आणि करांचा हिशेब धरलेला असतो. त्या वाटेवर पहारा देण्यासाठी गेलेल्या माणसाचा हिशेब पंपावरच्या पाटीवर कधीही लिहिला जात नाही. तो कोठेतरी दूर, वाळवंटाच्या कडेला, एखाद्या शिळेवर लिहिला जातो, आणि तोही पुष्कळदा नावाशिवाय. वाचविलेल्या प्रत्येक लिटरमागे, छतावर बसलेल्या प्रत्येक फलकामागे तो हिशेब थोडा हलका होतो. ऊर्जा-स्वावलंबनाचे मोजमाप करताना किती पिंपे तेल काढले एवढेच न पाहता, किती तरुणांना परक्या तेलासाठी परक्या भूमीवर जावे लागले नाही, हेही पाहावे. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांची नावे कोरायची राहून गेली, त्यांच्या वंशजांनी एवढे स्मरणात ठेवले तरी पुष्कळ होईल.